अज्ञाताचा पंचनामा : 'धूमकेतू' ही विज्ञानकथा आणि शासकीय पारदर्शकतेविषयीचे लोकमत

प्रस्तावना

आकाशात काहीतरी दिसते. ते काय आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि ज्यांना कळले असण्याची शक्यता आहे ते बोलत नाहीत. अशा वेळी समाज काय मानू लागतो, हा प्रश्न केवळ खगोलशास्त्राचा नाही. तो राज्यशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि वाङ्मयाचाही आहे. अमेरिकेत गेली पाऊणशे वर्षे 'उडत्या तबकड्यां'विषयी जो वाद चालू आहे, त्यात तबकड्यांइतकेच महत्त्व शासनाच्या मौनाला मिळाले आहे. 'त्या वस्तू परग्रहावरच्या आहेत काय' आणि 'शासन काही लपवीत आहे काय' हे दोन वेगळे प्रश्न असून दुसऱ्याला होकार देणाऱ्यांची संख्या पहिल्याला होकार देणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. गॅलप या संस्थेने २०१९ मध्ये घेतलेल्या पाहणीत, अशा काही वस्तू खरोखर परग्रहावरील यानेच असाव्यात असे मानणारे ३३ टक्के होते. शासनाला याविषयी तो सांगतो त्यापेक्षा अधिक माहिती आहे असे मानणारे मात्र ६८ टक्के होते. म्हणजे परग्रहवासीयांवर विश्वास नसलेल्या अनेक नागरिकांचाही शासनाच्या सांगण्यावर विश्वास नव्हता.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी विज्ञानकथेने आकाशातील संकट, शासकीय गोपनीयता आणि सामान्य माणसाची श्रद्धा हे तीनही घटक एकत्र आणून एक कथा फार पूर्वी लिहिली आहे. ती म्हणजे डॉ. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू'. या कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या आठवीच्या पूरक वाचनपुस्तकात अनेक वर्षे समाविष्ट होते. त्यामुळे मराठीबाहेरील विद्यार्थ्यांच्याही एका पिढीने ती वाचली. प्रस्तुत लेखात या कथेचे पुनर्वाचन करून तिच्यातील गोपनीयतेचे स्थान तपासावयाचे आहे, आणि त्या आधारे अलीकडच्या काही भारतीय घटनांकडे पाहावयाचे आहे.

शब्दांचा विचार

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील डोंगरांवर काही चमकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी त्यांना जे नाव दिले त्याचे मराठीत 'उडती तबकडी' झाले. हे नाव रुळले खरे, पण त्यात दोन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या आहेत. जे दिसले ती 'वस्तू' होती आणि तिला आकार होता. पुढे अमेरिकी हवाई दलाने 'अनोळखी उडती वस्तू' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. अलीकडे तिची जागा 'अनोळखी आकाशघटना' अशा अर्थाच्या संज्ञेने घेतली आहे. हा बदल वरवरचा नाही. 'घटना' म्हणताना ती वस्तू असेलच असे नाही. ते प्रकाशाचे परावर्तन असेल, यंत्राचा दोष असेल किंवा पाहणाऱ्याचा भ्रम असेल.

मराठीत या संदर्भात 'अज्ञात' आणि 'अनोळखी' हे दोन्ही शब्द वापरले जातात, आणि दोहोंभोवती गूढतेचे वलय तयार होते. वस्तुतः 'अज्ञात' हा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या परिचयाचा आहे, तो पोलीस ठाण्यातील भाषेमुळे. 'अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल' हे वाक्य वाचून कोणीही तो इसम परलोकातून आला असे समजत नाही. त्याची ओळख अद्याप पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. शिवाय त्या 'अज्ञाता'मागे एक पद्धत उभी असते. जागेचा पंचनामा होतो, पंचांसमक्ष वस्तूंची नोंद होते, वेळ लिहिली जाते, सह्या होतात. पंचनाम्यात निष्कर्ष नसतो. जे दिसले ते आणि तेवढेच त्यात असते, आणि ते पाहणारे शासनाच्या बाहेरचे असतात. शासकीय पारदर्शकतेची याहून सोपी व्याख्या शोधणे कठीण आहे. आकाशातील अज्ञाताच्या बाबतीत नेमका हा पंचनामाच होत नाही, असा प्रस्तुत लेखाचा मुद्दा आहे.

'धूमकेतू' कथेची मांडणी

नारळीकरांच्या विज्ञानकथालेखनाचा प्रारंभ १९७४ मध्ये झाला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली. परीक्षकांना लेखकाची ओळख कळू नये आणि कथेचे मूल्यमापन केवळ कथेवर व्हावे, हा त्यामागील हेतू होता. त्यानंतरच्या लेखनात विज्ञानाचा प्रसार आणि अंधश्रद्धेचा विरोध हे सूत्र सातत्याने दिसते. 'धूमकेतू' ही या सूत्राची प्रातिनिधिक कथा म्हणता येईल.

कथेचा नायक दत्तदा हा कोलकात्यातील हौशी आकाशनिरीक्षक आहे. दुर्बीण हेच त्याचे विश्व असून पत्नी इंद्राणीदेवी हिला त्या दुर्बिणीविषयी सवतीसारखी असूया वाटते. दत्तदाला एक नवा धूमकेतू सापडतो, त्याला त्याचे नाव मिळते आणि तो प्रसिद्धीच्या झोतात येतो. इंद्राणीदेवीला मात्र नवऱ्याचे नाव अशा अशुभ गोष्टीशी जोडले जावे हे रुचत नाही. पुढे केम्ब्रिजमधील एका संशोधकाच्या गणितातून असे निष्पन्न होते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे. ही माहिती जगापुढे येण्यापूर्वीच ब्रिटिश शासनाच्या संरक्षणविषयक विज्ञान सल्लागारापर्यंत पोचते. निवडक तज्ज्ञांची गुप्त बैठक होते, दत्तदालाही तिकडे बोलावले जाते, आणि अण्वस्त्रे वाहून नेणाऱ्या अवकाशयानाच्या साहाय्याने धूमकेतूचा मार्ग किंचित बदलण्याची योजना आखली जाते. दत्तदा मायदेशी परततो तो गुप्ततेच्या बंधनात. घरी येऊन पाहतो तर धूमकेतूची पीडा टळावी म्हणून कुटुंबाने शांतियज्ञ मांडलेला असतो. तो संतापतो व यज्ञात सहभागी होण्याचे नाकारतो. अखेरीस योजना यशस्वी होते, संकट टळते, आणि घरच्यांची खात्री पटते की हा यज्ञाचाच प्रताप होय. आपला समाज विज्ञानयुगात कधी येणार, या खिन्न विचारापाशी दत्तदा आणि त्याच्याबरोबर वाचक थांबतो.

कथेचा उद्देश स्पष्ट आहे आणि तो साधलाही गेला आहे. विज्ञान आणि अंधश्रद्धा यांतील अंतर तिने एका घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवले आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो निवेदनाच्या दृष्टिकोनाशी निगडित आहे.

निवेदनाची जागा आणि वाचकाचे स्थान

ही कथा वाचताना वाचक कोठे बसलेला असतो? तो सतत गुप्त खोलीच्या आत असतो. केम्ब्रिजमधील संवाद तो ऐकतो, बैठकीत तो हजर असतो, योजनेचा तपशील त्याला ठाऊक असतो. म्हणून यज्ञाचा प्रसंग येतो तेव्हा तो दत्तदाच्या बाजूने हसतो किंवा हळहळतो. हे हसू त्याला परवडते, कारण त्याच्याजवळ ती माहिती आहे जी इंद्राणीदेवीजवळ नाही. कथेतील विज्ञाननिष्ठा आणि अंधश्रद्धा यांची विभागणी पाहता पाहता 'ज्यांना सांगितले गेले' आणि 'ज्यांना सांगितले गेले नाही' अशा विभागणीवर जाऊन बसते. पण कथा दोहोंत फरक करीत नाही.

आता हीच कथा इंद्राणीदेवीच्या जागेवरून वाचून पाहावी. तिच्या हाती कोणती साधने आहेत? आकाशात शेंडेनक्षत्र दिसते आहे. ते अनिष्टसूचक असते, असे तिने लहानपणापासून ऐकले आहे. नवऱ्याला अचानक इंग्लंडचे बोलावणे येते. तो परततो, पण मोकळेपणाने बोलत नाही. घरात कोणीतरी तज्ज्ञ आहे, पण तो फक्त रागावतो. एवढ्या सामग्रीवरून काहीतरी गंभीर घडते आहे हा तिचा तर्क चुकीचा नाही. किंबहुना तो अगदी बरोबर आहे, कारण खरोखरच काहीतरी गंभीर घडत होते. चूक आहे ती उपायाची. आणि उपाय निवडताना तिच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेलाच नव्हता. यज्ञाला पर्याय म्हणून तिला विज्ञान मिळाले नाही. तिला मौन मिळाले. यज्ञ आणि मौन यांतून तिने यज्ञ निवडला, यात तिच्या बुद्धीचा दोष कितपत, हा प्रश्न कथेने विचारावयास हवा होता.

संकट टळल्यानंतरची स्थिती अधिक बोलकी आहे. यज्ञाने संकट टळले हा निष्कर्ष तिच्या घरात निर्विवाद ठरतो, कारण त्याला प्रतिस्पर्धी निष्कर्षच उपस्थित नाही. खरे स्पष्टीकरण गोपनीयतेच्या कुलुपात आहे. ज्या शासनांनी आणि शास्त्रज्ञांनी पृथ्वी वाचविली, त्यांनीच आपल्या मौनाने यज्ञाला श्रेय मिळवून दिले. या दृष्टीने पाहिले तर 'धूमकेतू' ही अंधश्रद्धेची कथा जितकी आहे तितकीच गोपनीयतेच्या परिणामांची कथा आहे. कथा आपल्या नायकापेक्षा अधिक जाणते, असे म्हणता येईल. दत्तदाला उपरोध दिसत नाही, पण घटनांच्या रचनेत तो उपस्थित आहे. नारळीकरांना तो अभिप्रेत होता की नाही हा प्रश्न गौण आहे. संहितेत तो आहे.

या कथेतील घरगुती विभागणीही नजरेआड करता येत नाही. ज्ञान पुरुषाकडे, दुर्बिणीच्या आणि परदेशी बैठकांच्या जगात आहे. श्रद्धा स्त्रीकडे, घरात आहे. विसाव्या शतकातील मराठी प्रबोधनपर लेखनात ही विभागणी वारंवार आढळते. तिच्यामुळे वैज्ञानिक दृष्टिकोन हा माहितीच्या वाटपाचा प्रश्न न राहता स्वभावाचा प्रश्न बनतो. माहिती वाटता येते, स्वभावाला मात्र दोषच द्यावा लागतो.

घबराटीचा युक्तिवाद

गोपनीयतेच्या समर्थनार्थ कथेत आणि कथेबाहेर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. लोकांना खरे सांगितले तर घबराट पसरेल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ७७ टनांच्या सुमाराची 'स्कायलॅब' ही अमेरिकी अवकाशप्रयोगशाळा ११ जुलै १९७९ रोजी कोसळली. ती कोसळणार हे जगजाहीर होते आणि नेमकी कोठे कोसळणार हे कोणालाच सांगता येत नव्हते. भारतात खेडोपाडी भीतीचे वातावरण निर्माण झाले. तेव्हा मोकळेपणाने भीती निर्माण होते, हे मान्य करावयास हवे.

पण त्या भीतीचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडल्याचे जाहीर झाले, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि भीती ओसरली. 'स्कायलॅब' हा शब्द पुढे थट्टेचा विषय झाला. ज्या भीतीला कारण ठाऊक असते ती कारणाबरोबर संपते. ज्या भीतीला कारण सांगितले गेले नाही ती आपले कारण स्वतः निर्माण करते, आणि मूळ घटना संपल्यानंतरही ते कारण जिवंत राहते. शासनाने टाळलेली चार दिवसांची घबराट पुढे चाळीस वर्षांच्या संशयाच्या रूपाने परत येऊ शकते, हा अमेरिकेचा अनुभव आहे.

तीन भारतीय घटना

कथेतून निघालेला हा विचार प्रत्यक्ष घटनांवर तपासून पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी गेल्या काही वर्षांतील तीन घटना विचारात घेता येतात.

पहिली घटना लडाखमधील. २०१२ च्या उत्तरार्धापासून सीमेवरील जवानांना सरोवराच्या परिसरात आकाशात प्रकाशमान गोल दिसू लागले. ही शेजारी राष्ट्राची टेहळणी याने असावीत अशी शंका होती. अशा ३२९ नोंदी झाल्याचे वृत्तांत होते. अखेर बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांची मदत घेण्यात आली. त्या वस्तू म्हणजे गुरू आणि शुक्र हे ग्रह असल्याचा त्यांचा निष्कर्ष जुलै २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून जाहीर झाला. दरम्यानच्या महिन्यांत तर्कांना ऊत आला होता. उत्तर साधे होते. ते मिळाले ते नोंदी ठेवल्या गेल्यामुळे आणि त्या योग्य तज्ज्ञांसमोर ठेवल्या गेल्यामुळे. शिस्तबद्ध जवानांनाही ग्रह ओळखता येऊ नयेत यात नवल नाही. अतिउंच प्रदेशातील निर्मळ हवेत शुक्राचे तेज अपरिचित माणसाला चकविते. येथे अज्ञान सैन्याचे होते आणि ते दूर करण्याचा मार्ग मोकळेपणाचा होता.

दुसरी घटना विदर्भातील. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात पेटत जाणाऱ्या रेषा दिसल्या. उल्कापात, विमान अपघात, क्षेपणास्त्र असे अनेक तर्क झाले. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले आणि परिसरात धातूचे गोलही सापडले. गावकऱ्यांनी ते पाहिले, पोलिसांनी ताब्यात घेतले, छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. प्रारंभी त्याच दिवशी न्यूझीलंडमधून उडालेल्या अग्निबाणाचे हे अवशेष असावेत असा अंदाज होता. पुढे चीनच्या २०२१ मधील एका अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे मत अवकाशातील वस्तूंचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांनी मांडले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही येऊन पाहणी केली. पहिला अंदाज चुकला आणि तो सर्वांदेखत दुरुस्त झाला, हे येथे महत्त्वाचे आहे. लाडबोरीच्या कड्याभोवती दंतकथा उभी राहिली नाही, कारण त्याचा अक्षरशः पंचनामा झाला होता.

तिसरी घटना मणिपूरमधील. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी इंफाळच्या बीर टिकेंद्रजीत विमानतळाच्या परिसरात आकाशात अनोळखी वस्तू दिसल्याने विमानवाहतूक काही तास थांबविण्यात आली, काही विमाने अन्यत्र वळविण्यात आली. हवाई दलाच्या पूर्व विभागाने आपली संरक्षणयंत्रणा कार्यान्वित केल्याचे आणि त्यानंतर ती छोटी वस्तू पुन्हा दिसली नसल्याचे जाहीर केले. शोधासाठी राफेल विमाने पाठविल्याची वृत्ते आली. अशांत सीमावर्ती राज्यात याहून अधिक बोलण्यावर मर्यादा असू शकतात हे मान्य केले, तरी नागरिकाच्या दृष्टीने गोष्ट अर्धवट राहिली. ती वस्तू काय नव्हती हेही सांगितले गेले असते, तर पुष्कळ झाले असते.

तिन्ही घटना एकत्र ठेवल्या असता एक सूत्र दिसते. लोकांचा संशय घटनेच्या विलक्षणतेवर अवलंबून नसतो. विदर्भातील दृश्य तिन्हींमध्ये सर्वांत विलक्षण होते, तरीही संशय सर्वांत कमी उरला. संशय अवलंबून असतो तो घटना आणि स्पष्टीकरण यांमधील अंतरावर, तसेच त्या अंतरात कोण काय करीत आहे हे दिसण्यावर.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

येथे एक गंभीर आक्षेप घेता येईल. मोकळेपणाने संशय कमी होत असेल, तर अमेरिकेत तो कमी का झाला नाही? एप्रिल २०२० मध्ये तेथील संरक्षण विभागाने नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेल्या तीन चित्रफिती अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. जून २०२१ मध्ये गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने १४४ नोंदींचा अहवाल दिला. त्यांपैकी केवळ एकीची खात्रीने ओळख पटली होती, ती हवा जाणाऱ्या एका मोठ्या फुग्याची. आणि गॅलपच्या पाहणीत परग्रहयानांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मधील ३३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४१ टक्क्यांवर गेले. २६ जुलै २०२३ रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे एका माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने शपथेवर दावे केले, आणि मार्च २०२४ मध्ये संरक्षण विभागाच्या संबंधित कार्यालयाने अशा दाव्यांना पुरावा आढळला नसल्याचा ऐतिहासिक आढावा प्रसिद्ध केला. त्यानेही वाद मिटला नाही.

हा आक्षेप टाळता येत नाही, आणि त्यातून मूळ विधानात दुरुस्ती करावी लागते. मोकळेपणा म्हणजे केवळ चित्रफिती आणि कागद बाहेर टाकणे नव्हे. अंतर, वेग, कॅमेऱ्याची दिशा यांच्या संपूर्ण तपशिलाविना दिलेली चित्रफीत ही माहिती नसून कोडे असते, आणि कोडे कल्पनेला डिवचते. सप्टेंबर २०२३ मध्ये नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने हीच अडचण नोंदविली होती : उपलब्ध नोंदींचा दर्जा निष्कर्षास पुरेसा नाही. शिवाय दीर्घ काळ नाकारल्यानंतर येणारा मोकळेपणा हा मोकळेपणा म्हणून स्वीकारला जात नाही. अमेरिकी हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात चालविलेल्या प्रकल्पात १२,६१८ नोंदी तपासल्या आणि ७०१ अनोळखी राहिल्या. पण त्या काळात लोकांची समजूत घालणे हा शोधाइतकाच त्या यंत्रणेचा हेतू असल्याचा समज दृढ झाला. एकदा विश्वास गेला की खरे बोलणेही डावपेच वाटू लागते. तेव्हा पारदर्शकतेची वेळ आणि पद्धत या दोन्ही गोष्टी तिच्या आशयाइतक्याच निर्णायक ठरतात.

अमेरिकेतील ही आकडेवारी भारतीय लोकमताला लावता येणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. तेथील संशयामागे व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांचा इतिहास आहे. आपल्याकडे शासनाच्या मौनाकडे पाहण्याची रीत वेगळी आहे. अनेकदा ते संशयास्पद न वाटता स्वाभाविक वाटते, आणि ही स्वाभाविकता अधिक चिंताजनक आहे.

मावळातील एक दाखला

ही स्वाभाविकता समजून घेण्यासाठी मावळ तालुका हे उत्तम उदाहरण आहे. लोणावळ्यात नौदलाचे 'शिवाजी' हे प्रशिक्षण केंद्र आहे, देहूरोडला लष्करी छावणी आहे, तर पूर्वेस पुण्याला लोहगाव येथे हवाई दलाचा तळ आहे. मनाईच्या पाट्यांशेजारी राहणे येथील माणसाच्या अंगवळणी पडले आहे. दुसरीकडे मळवलीसारख्या गावातून लोहगड आणि विसापूरच्या माथ्यावर दिसणारे आकाश आज पूर्वीपेक्षा कितीतरी गजबजलेले आहे. विमाने, ड्रोन, आणि २०१९ पासून मधूनमधून दिसणारी, रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागून एक जाणारी उपग्रहांची माळ. यांपैकी काय काय आहे हे सांगणारी सार्वजनिक व्यवस्था नसेल, तर ते काम अफवा करतात.

याच मळवली स्थानकाजवळ भाजे लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरल्या गेलेल्या या लेण्यांतील एका विहाराच्या ओसरीत दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत. एकात चार घोड्यांचा रथ चालला आहे आणि त्याखाली अजस्र, बेढब देह पसरलेले आहेत. दुसऱ्यात एक महापुरुष प्रचंड हत्तीवर आरूढ आहे. पहिले शिल्प सूर्याचे आणि दुसरे इंद्राचे, असे परंपरेने मानले गेले. काही अभ्यासकांनी मात्र त्यांत मांधाता राजाची कथा पाहिली. वाद मिटलेला नाही. आकाशगामी आकृतीची ओळख पटलेली नाही, असे म्हटले तरी चालेल. पण या 'अनोळखी' आकृतीविषयी कोणाला संशय वाटत नाही, कट दिसत नाही. कारण दगड सर्वांसमोर आहे. ज्याला शंका आहे त्याने चढून जावे, पाहावे, मोजावे आणि आपले मत मांडावे. अनिश्चितता आणि अविश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुरावा उघड असला तर समाज अनिश्चिततेसह शतकानुशतके सुखाने राहू शकतो, याचा हा दाखला होय.

कायदा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. कर्तव्य नागरिकाचे असले तरी त्यासाठी लागणारी सामग्री बहुधा शासनाच्या ताब्यात असते. या दृष्टीने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा या कर्तव्याचा जोडभाग मानला पाहिजे. महाराष्ट्राने तर राज्यापुरता असा कायदा २००२ मध्येच केला होता, आणि त्यामागे जनआंदोलन होते. केंद्रीय कायद्याच्या कलम ८ मध्ये देशाची सुरक्षितता धोक्यात आणणारी माहिती नाकारण्याची तरतूद आहे, आणि ती रास्तच आहे. रडारची क्षमता शत्रूला कळू नये हे कोणीही मान्य करील. पण त्याच कलमात व्यापक लोकहित अधिक असल्यास माहिती देता येते असेही म्हटले आहे. कलम १० नुसार गोपनीय भाग वेगळा काढून उरलेला भाग देता येतो, आणि कलम ४ नुसार मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. कशाने पाहिले हे झाकून काय पाहिले हे सांगण्याची सोय कायद्यात आहे. उणीव आहे ती सवयीची. फ्रान्सच्या राष्ट्रीय अवकाश संस्थेत १९७७ पासून अशा घटनांचा अभ्यास करणारा नागरी विभाग असून त्याने २००७ मध्ये आपल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही २००८ पासून संरक्षण मंत्रालयाच्या संबंधित फायली टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केल्या. त्यामुळे या देशांची सुरक्षितता धोक्यात आल्याचे दिसत नाही.

स्वतः नारळीकरांचे वैज्ञानिक आचरण याच दिशेचे होते, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींच्या सहकार्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा पद्धत आधी जाहीर केली आणि ज्योतिषांना आव्हान दिले. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांची अचूकता सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीच, आढळली. हे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले. हैदराबादहून २००१ मध्ये सोडलेल्या बलूनद्वारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करून तेथे सूक्ष्मजीव आहेत काय, याचा शोध घेण्याच्या प्रयोगातही ते अग्रभागी होते. पृथ्वीबाहेरील जीवसृष्टीसारखा, अफवांना पोषक विषय त्यांनी उघड्या प्रयोगाने हाताळला. कथाकार नारळीकरांनी दत्तदाला जे करू दिले नाही, ते शास्त्रज्ञ नारळीकरांनी आयुष्यभर केले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कथांचे पुनर्मूल्यांकन होताना हे अंतर लक्षात घेणे उपयुक्त ठरेल.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. 'धूमकेतू' ही कथा केवळ अंधश्रद्धाविरोधी कथा म्हणून शिकविली जाते, तेव्हा तिच्यातील अर्धा आशय निसटतो. वर्गात ती शिकविताना 'इंद्राणीदेवीने यज्ञ का केला' या प्रश्नाबरोबर 'तिला कोणी काय सांगितले होते' हा प्रश्नही विचारला पाहिजे. आकाशातील अनोळखी घटनांविषयीचे लोकमत हे लोकांच्या भोळेपणाचे मोजमाप नाही. बव्हंशी ते शासन आणि नागरिक यांच्यातील विश्वासाचे मोजमाप आहे. मोकळेपणाने प्रत्येक संशय फिटतो असे नाही. अपुरी आणि उशिरा दिलेली माहिती संशय वाढवितेही. म्हणून निष्कर्षापेक्षा पद्धत उघड असणे अधिक महत्त्वाचे आहे. काय दिसले, कोणी पाहिले, कशावर तपासले आणि काय अद्याप कळलेले नाही, एवढे चार रकाने भरलेला कागद नागरिकाच्या हाती देणे अवघड नाही. लाडबोरीच्या पोलिसांना ते जमले.

अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ महाराष्ट्रात मोठ्या त्यागातून उभी राहिली आहे. तिचे बोट आजवर प्रामुख्याने यज्ञकुंडाकडे राहिले, आणि ते योग्यच होते. पण ज्या बंद दारापुढे माणसे हताश होऊन यज्ञकुंडाकडे वळतात, त्या दाराकडेही ते वळले पाहिजे. दत्तदाने घरी येऊन रागावण्याऐवजी पत्नीला समोर बसवून सारे सांगितले असते, तर तिने यज्ञ केला नसता असे खात्रीने म्हणता येत नाही. पण मग तिच्या निवडीबद्दल तिला जबाबदार धरता आले असते. न सांगता जबाबदार धरणे हा अन्याय आहे, मग तो पतीने पत्नीवर केलेला असो वा शासनाने नागरिकांवर.